मृतांची मोजदाद आणि तटस्थतेचा प्रश्न

मार्च २००३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजा इराकमध्ये शिरल्या. युद्ध चालू असतानाच ज्याचा इतिहास आंतरजालावर, जगभरच्या वाचकांच्या डोळ्यांदेखत लिहिला गेला, अशा आरंभीच्या युद्धांपैकी हे एक होय. एरवी रणधुमाळी शमल्यावर इतिहासकार येतो, दप्तरे उघडतात, साक्षी तपासल्या जातात आणि मग ग्रंथ सिद्ध होतो. इराकच्या बाबतीत हा क्रम मोडला. तटस्थता म्हणजे काय, आणि साधन विश्वसनीय कशाने ठरते, हे दोन जुने प्रश्न त्यामुळे नव्या निकडीने उभे राहिले. साहित्याच्या अभ्यासकाला ते परके वाटू नयेत. कारण या वादांचा मोठा भाग शब्दांच्या निवडीविषयीचाच होता.

घडले ते आक्रमण की मुक्ती? शस्त्र घेऊन उभा राहिलेला इराकी बंडखोर म्हणावा, प्रतिकारक म्हणावा की दहशतवादी? २००१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या विकिपीडियाने अशा प्रश्नांसाठी एक नियम सांगितला होता: लेखकाने स्वतः निवाडा करू नये, विश्वसनीय साधनांत ज्या मताला जितके वजन आहे तितकेच द्यावे. ही तटस्थता न्यायाधीशाची नव्हे, तर लेखनिकाची आहे. तिच्यामागे किती झटापट असते हे जेम्स ब्रायडल या ब्रिटिश लेखक-कलावंताने २०१० मध्ये दाखवून दिले. इराक युद्धावरील विकिपीडियाच्या एकाच लेखात डिसेंबर २००४ ते नोव्हेंबर २००९ या काळात झालेले सुमारे १२,००० बदल त्याने छापून काढले. त्यांचे बारा खंड झाले, पृष्ठे सुमारे ७,०००. मृतांच्या आकड्यांवरून झालेला गंभीर वाद आणि सद्दामला हासडलेली शिवी, दोन्ही त्यांत शेजारी शेजारी आहेत. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र इथे पाठभेद लेखनिकाच्या प्रमादातून आलेले नाहीत. ते मतभेदातून आले आहेत, आणि प्रत्येकावर वेळेची नोंद आहे.

परंतु लेखनिकाची तटस्थता साधनांच्या प्रामाणिकपणावर उभी असते. साधनच चुकले तर? इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत असे कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत सांगितले, आणि मोठ्या प्रतिष्ठेच्या वृत्तपत्रांनी तशा बातम्या छापल्या. शोधपथकाच्या २००४ च्या अहवालानुसार अशा अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपले काही वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, अशी संपादकीय कबुली दिली. म्हणजे २००३ च्या आरंभी नियम पाळून केलेली नोंद निर्दोष असूनही असत्य ठरू शकत होती. प्रतिष्ठा हा साधनाचा गुण आहे. ती पुरावा नव्हे.

या वादाचे सर्वांत बोचरे रूप मृतांच्या संख्येत दिसते. आपण मृतदेह मोजत नाही, असे अमेरिकेचे सेनानी टॉमी फ्रँक्स यांनी युद्धाच्या आधीच, अफगाणिस्तानच्या संदर्भात म्हटले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी २००३ मध्ये ‘इराक बॉडी काउंट’ हा उपक्रम ब्रिटनमध्ये सुरू झाला. प्रसिद्ध झालेल्या बातम्यांतून नागरिकांचा एकेक मृत्यू टिपायचा, आणि किमान व कमाल असे दोन आकडे द्यायचे, ही त्याची रीत. त्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. कोणी म्हणाले, यात लढवय्येही मोजले गेले असतील. उलट युद्धविरोधकांपैकी काहींचा आक्षेप असा, की जिथे बातमीदार पोचतच नाही तिथला मृत्यू या यादीत कधीच येणार नाही, आणि अपुरा आकडा सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा ठरेल.

दुसरी रीत घरोघर जाऊन विचारण्याची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २००६ मध्ये १,८४९ कुटुंबांच्या पाहणीवरून काढलेला अंदाज आला: युद्धामुळे सुमारे ६,५५,००० जास्तीचे मृत्यू. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तो विश्वासार्ह मानला नाही. जानेवारी २००८ मध्ये ९,३४५ कुटुंबांच्या दुसऱ्या पाहणीने जून २००६ पर्यंतच्या हिंसक मृत्यूंचा अंदाज १,५१,००० दिला. पुढे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’च्या पाहणीच्या प्रमुख संशोधकावर पद्धतीचा तपशील उघड न केल्याबद्दल मतपाहणी-अभ्यासकांच्या अमेरिकी संघटनेने ठपकाही ठेवला.

इथे घाईने निष्कर्ष काढणारा वाचक फसतो. हे आकडे एकाच प्रश्नाची तीन उत्तरे नाहीत. एकाने बातमीत आलेले नागरिक मोजले, दुसऱ्याने सर्व कारणांचे जास्तीचे मृत्यू अंदाजले, तिसऱ्याने केवळ हिंसक. तिघांची सरासरी काढणे, किंवा तिन्ही आकडे शेजारी मांडून निर्णय वाचकावर सोडणे, याला तटस्थता म्हणता येणार नाही. कोणता आकडा कसा जन्मला हे सांगणे, ही खरी तटस्थता.

ऑक्टोबर २०१० मध्ये विकिलीक्सने अमेरिकी लष्कराच्या ३,९१,८३२ नोंदी उघड केल्या. मोजत नाही म्हणणाऱ्यांच्याच दप्तरात ६६,०८१ नागरिकांचे मृत्यू लिहिलेले निघाले, आणि त्यांत आजवर कुठेच न आलेले सुमारे १५,००० असावेत असा ‘इराक बॉडी काउंट’चा अंदाज होता. तरीही ही दप्तरे अंतिम सत्य नव्हेत. ती एका पक्षाने लिहिलेली आहेत. उघड करणारा तरी कुठे अलिप्त होता? १२ जुलै २००७ रोजी बगदादमध्ये हेलिकॉप्टरच्या गोळीबारात रॉयटर्सचे नमीर नूर-एल्दीन आणि सईद चमाघ मारले गेले. त्याचे चित्रण विकिलीक्सने एप्रिल २०१० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकातच ‘हत्या’ हा शब्द घातला आणि संपूर्ण चित्रणाबरोबर एक संपादित आवृत्तीही दिली. पुरावा अस्सल होता, पण त्यावरचे शीर्षक हा निवाडा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्याकडे हा विवेक नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा. बखरींतील कथन त्यांनी पत्रांवर घासून पाहिले. मात्र पत्र लिहिणाराही कुणाचा तरी पक्षपाती असतो. म्हणून पत्रावर पत्र ताडून पाहावे लागते. इराकच्या नोंदकारांना हेच, पण ताज्या रक्ताच्या वासात, करावे लागले.

आम्हांस वाटते, तटस्थता म्हणजे दोन पक्षांपासून सारखे अंतर नव्हे. ज्याचा मृत्यू कोणत्याच यादीत आला नाही, त्याच्यापासून आपण किती अंतरावर उभे आहोत, हेही तीत मोजावे लागते. त्याचे नाव आपल्याला लिहिता येणार नाही. पण यादीत त्याची जागा रिकामी आहे आणि ती का रिकामी राहिली, एवढे तरी लिहिणे इतिहासकाराला टाळता येत नाही.