रेडिओचं बटण कुणाच्या हातात?



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. टॅक्सचा सीझन संपला, त्यामुळे आता मला चार ओळी निवांत लिहिता येताहेत.

डेव्हन ॲव्हेन्यूवर काय मिळत नाही? पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर उघडलं. तेव्हापासून ज्वारीच्या पिठापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं दाराशी आलं. पण घरात सहज कानावर पडणारी मराठी काही पिशवीत भरून आणता येत नाही. आपल्या मुलांशी आपण मराठी बोलतो म्हणजे नेमकं काय बोलतो, ते एक दिवस लक्ष देऊन ऐका. जेव, ऊठ, आवर, फोन ठेव. माझ्या घरी तरी मराठी ही हुकुमांची भाषा झाली होती.

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली. तिला सकाळी रेडिओ लागतोच. फोनवर एक फुकटचं ॲप होतं, त्यात मी तिची सात स्टेशनं ओळीने लावून दिली. जानेवारीत एके दिवशी ॲप उघडलं तर पाटी आली: वर्षाचे पैसे भरा, मग पुढे जा. आईची यादी आत अडकली. बाहेर बर्फ, घरात आई गप्प. पैशांचं फार काही नव्हतं हो. पण यादी माझी आणि मलाच ती बाहेर काढता येईना, याचा राग आला.

मी सीए. कुठलीही वस्तू फुकट मिळाली की खर्च कुणाच्या खात्यावर पडला ते आधी बघायची सवय. म्हणून रेडिओचाच इतिहास त्या नजरेने चाळला.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. चालवणारी होती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, खासगी. मुख्य भिस्त श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर. परवाने घेणारे थोडे, खर्च मोठा. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हातात घेतला. पुढे १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. परवाना मात्र कित्येक दशकं राहिला. तुमच्याही आजोबांकडे पोस्टात जाऊन शुल्क भरायची ती पुस्तिका असेल.

त्या व्यवस्थेत एक गोष्ट फार चांगली होती, आणि तेव्हा ती कुणाला जाणवलीही नसेल. संच एकदा विकत घेतला की तो तुमचा. कुठल्याही कंपनीच्या संचावर कुठलंही स्टेशन लागायचं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभरात ५६ गीतं. ते ऐकताना कुणाला विचारावं लागलं नाही की तुमचा रेडिओ कुठल्या कंपनीचा.

याच मोकळेपणाने एकदा सरकारलाही नमवलं. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मराठीच, आणि शास्त्रीय संगीताचे पक्के कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळपास रजा मिळाली. श्रोत्यांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ओसरलेले श्रोते परत आणायला ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. बटण लोकांच्या हातात होतं म्हणूनच हे झालं.

आपल्या शिकागोतही असंच काहीसं आहे. १९२०च्या दशकापासून इथले पोलिश, इटालियन, लिथुआनियन लोक स्थानिक स्टेशनांवर आपापल्या भाषेचा तास चालवत. त्या तासासाठी त्यांना वेगळा संच घ्यावा लागत नसे.

आता इंटरनेटकडे या. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या स्टेशनने आपलं प्रक्षेपण इंटरनेटवर नेलं. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या एका कंपनीने ‘रिअलऑडिओ’ आणलं. ऐकण्याचं सॉफ्टवेअर फुकट, पण ध्वनीचा साचा त्यांचा स्वतःचा. प्रक्षेपण करणाऱ्याने त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. पहिल्यांदाच असं झालं की स्टेशन ऐकायचं तर अमुकच कंपनीचा ‘संच’ हवा.

मग १९९७ मध्ये विनॲम्प आलं, पाठोपाठ शाउटकास्ट. घरच्या कॉम्प्युटरवरून कुणीही स्टेशन काढावं, इतकं ते सोपं झालं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत विनॲम्प नसलेला कॉम्प्युटर म्हणजे मीठ नसलेली आमटी. पण ते फुकट होतं, मुक्त नव्हतं. १९९९ मध्ये एओएलने ते विकत घेतलं, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर केलं की महिनाभरात बंद करतोय. दुसऱ्या कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये ते घेतलं म्हणून वाचलं. वापरणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं.

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने फार घोळ घातलाय. मराठीत तो होत नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जी चळवळ सुरू केली ती मुक्त सॉफ्टवेअरची: वापरा, आत काय आहे ते बघा, बदला, दुसऱ्याला द्या. पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प म्हणजे आजचं व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ रोजी ते याच पद्धतीच्या जीपीएल परवान्याखाली खुलं झालं. उद्या ते चालवणारे कंटाळले तरी दुसरं कुणी तेच सॉफ्टवेअर पुढे नेऊ शकतं. आजोबांचा परवाना सरकारला पैसे देण्याचा होता. हा परवाना उलटा आहे, तो तुमचा हक्क लिहून देतो.

तर निवड कशी करायची? मी तीन प्रश्न विचारते. खर्च कोण करतं? म्हणजे जाहिराती, वर्गणी, देणग्या की तुमची माहिती? माझी यादी बाहेर काढता येते का? आणि परवाना मुक्त आहे का? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर मी तिथेच थांबते.

माझ्या घरी आता काय आहे ते सांगते. कॉम्प्युटरवर आणि फोनवर व्हीएलसी. आयफोनवरही ते चालतं. त्यात स्टेशनच्या प्रवाहाचा पत्ता टाकायचा की स्टेशन सुरू. आईच्या अँड्रॉइड फोनवर रेडिओड्रॉइड, एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं. ते ‘रेडिओ ब्राउझर’ या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या यादीतून स्टेशनं शोधतं. आईची सात स्टेशनं मी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली आहेत, एम३यू म्हणतात त्या प्रकारची. नाव आणि पत्ता, नाव आणि पत्ता, बस. प्लेअर बदलला तरी फाइल माझ्याकडेच राहते.

उणी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ताळेबंद खोटा ठरेल. स्टेशनने पत्ता बदलला तर नवा आपणच शोधावा लागतो. अडलं तर फोन करायला कुणी नाही. आणि स्टेशननेच प्रवाह बंद केला तर कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. शिवाय सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी ते चालवणाऱ्यांना खर्च असतोच. म्हणून मी वर्षाला थोडी देणगी पाठवते.

हिवाळ्यात आपण भारताच्या साडेअकरा तास मागे असतो. म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात वाजले की पुण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ, सातचा सुमार. आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा पुण्याची सकाळ चालू असायची. आई ऐकत होती, मुलं ऐकत नव्हती, असं मला वाटत होतं. फेब्रुवारीत एकदा धाकट्याने पोळी खाता खाता विचारलं, “आई, अंशतः ढगाळ म्हणजे गं काय?”

हा शब्द मी त्याच्याशी कधीच बोलले नसते. आजीने त्याला खिडकीशी नेलं आणि आकाश दाखवलं.

आई एप्रिलमध्ये परत गेली. रेडिओ अजून साडेसातलाच लागतो. घड्याळं पुढे गेल्यामुळे पुण्यात तेव्हा सहाच वाजलेले असतात, पण चालतं. या शनिवारी तुम्हीही अर्धा तास काढा, तुमच्या फोनमधली स्टेशनांची यादी उघडा आणि ती एका फाइलमध्ये उतरवून घ्या. उतरवता येत नसेल, तर ती यादी तुमची नाही असं समजा.