आपद्धर्म संपल्यावर

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची एक छोटीशी गोष्ट आहे. कुरुदेशातलं पीक बुडालेलं, हा बायकोसह अन्न शोधत माहुतांच्या गावात येतो. एक माहूत कुल्माष (म्हणजे बहुधा निकृष्ट उडीद) खात बसलेला असतो. उषस्ती त्याच्याकडे ते मागतो. माहूत म्हणतो, माझ्याकडे हे उष्टेच आहेत. चालतील, म्हणून हा खातो. मग माहूत पाणी पुढे करतो, तेव्हा मात्र उषस्ती नको म्हणतो, पाणी उष्टं आहे. अरे, मग उडीद उष्टे नव्हते का? यावर त्याचं उत्तर असं की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी काय, कुठेही मिळेल.

आपद्धर्माची याहून नेटकी व्याख्या मला तरी माहीत नाही. पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने राखून ठेवलेले तेच शिळे उष्टे उडीद खाऊन उषस्ती राजाच्या यज्ञाला जातो आणि तिथल्या भल्याभल्या ऋत्विजांना निरुत्तर करतो. राजा यज्ञाचं काम त्याच्यावर सोपवतो. काल काय खाल्लंस, असं त्याला कुणीही विचारत नाही.

फ्लॉरेन्स ली टिम-ओईला मात्र विचारलं गेलं.

तिचा जन्म १९०७ सालचा, हाँगकाँगचा. मुलगाच हवा असण्याच्या त्या काळात वडिलांनी हौसेने मुलीचं नाव ठेवलं 'टिम-ओई', म्हणजे साधारणपणे 'फार लाडकी'. 'फ्लॉरेन्स' हे तिने बाप्तिस्म्याच्या वेळी स्वतः घेतलेलं नाव, फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून. १९३१ साली हाँगकाँगच्या कॅथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईंना 'डीकनेस' म्हणून दीक्षा दिली जात होती. (डीकनेस म्हणजे चर्चची सेविका. आजाऱ्यांची, गरिबांची कामं करायची, शिकवायचं, पण वेदीपाशी उभं राहून प्रभुभोजनाचा विधी करायचा नाही.) त्या दिवशीच्या प्रवचनात विचारणा झाली, एखादी चिनी मुलगी अशा कामाला पुढे येईल का? ती आली. कँटनला चार वर्षं धर्मशास्त्र शिकली, निर्वासितांमध्ये काम केलं, आणि १९४० मध्ये तिला मकावला पाठवलं गेलं. पुढच्या वर्षी बिशप रोनाल्ड हॉलने तिला डीकनेस केलं.

मकाव पोर्तुगिजांचं, म्हणून युद्धात तटस्थ. १९४१ च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडलं आणि माणसांचे लोंढे मकावकडे वळले. उपासमार, रोगराई, रोजची प्रेतं. अँग्लिकन मंडळीसाठी तिथे एकटी ली टिम-ओई. पूर्वी प्रभुभोजनाचा विधी करायला हाँगकाँगहून पुरुष धर्मगुरू येत असे. आता कुणीच येऊ शकत नव्हतं. शेवटी तिलाच सांगण्यात आलं की, विधी तूच कर. अधिकृत दीक्षा नसताना ती दोन वर्षं ते करत राहिली.

बिशप हॉल त्या काळात जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या चीनमधून आपलं काम चालवत होता. त्याला हे बेकायदा वाटलं. पण कुठलं बेकायदा, हे बघण्यासारखं आहे. बाईने विधी करणं त्याला खटकलं नाही. दीक्षा नसलेल्या व्यक्तीने तो करणं परंपरेच्या जास्त विरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं. मग सरळ उपाय कोणता? दीक्षाच द्यायची! २५ जानेवारी १९४४ ला, जपानी प्रदेशातून वाट काढत आलेल्या ली टिम-ओईच्या डोक्यावर हात ठेवून हॉलने तिला धर्मगुरू केलं. अँग्लिकन पंथाच्या सगळ्या इतिहासात ही पहिली स्त्री.

हॉल काही स्त्रीमुक्तीवाला नव्हता, आणि तसं तो स्वतःही सांगे. त्याच्या डोळ्यापुढे होती पेत्र आणि कर्नेल्य यांची गोष्ट. पेत्र यहुदी, कर्नेल्य रोमी सैन्यातला अधिकारी, म्हणजे परका. त्याच्या घरात पाऊल ठेवणंही पेत्राला निषिद्ध. पण तो जातो आणि बघतो तर पवित्र आत्मा त्या परक्या माणसांवर उतरलेलाच आहे. मग बाप्तिस्मा नाकारणारा मी कोण, असं म्हणून पेत्र त्यांना पाण्याचा बाप्तिस्मा देतो. हॉलला वाटलं, इथेही तसंच. या बाईकडे ते देणं आधीच आलेलं आहे, मी फक्त शिक्का मारतोय. तिला दीक्षेच्या वेळी 'कॉर्नेलिया' हे नवं नाव द्यावं असाही मोह त्याला झाला होता म्हणे.

आता इथे दोन वेगळे युक्तिवाद एकात एक अडकलेत. युद्ध आहे, पुरुष मिळत नाही, म्हणून बाई, हा झाला आपद्धर्म. युद्ध संपलं की तो संपतो. पण देवानेच हिला ते दिलंय, आपण फक्त ओळखलं, असं म्हटलं तर युद्ध संपण्याशी त्याचा काय संबंध? हॉलच्या मनात दुसरा होता. बाकीच्या बिशपांनी, जास्तीत जास्त सवलत म्हणून, पहिलाच ऐकला. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना हॉलने सगळं कळवलं होतं. टेंपल उदार मनाचा माणूस, पण त्यांनाही हे पटलं नाही. १९४४ मध्येच ते वारले. त्यांच्या जागी आलेले जेफ्री फिशर तर पक्के विरोधात.

१९४६ मध्ये निरोप आला. एक तर बिशप हॉलने पद सोडावं, नाही तर बाईने परवाना परत करावा. तिने परवाना परत केला. तिच्यामुळे बिशप जावा हे तिला मान्य नव्हतं. मात्र तिने 'माझी दीक्षा रद्द' असं म्हटलं नाही. परवाना म्हणजे अमुक ठिकाणी काम करायची परवानगी, दीक्षा म्हणजे डोक्यावर ठेवलेला हात. परवाना कागद असतो, परत देता येतो. खाल्लेले उडीद परत कसे देणार?

मंडळी, आता जरा आडवळण. आमच्या नातेवाइकांत 'फादर', 'पाद्री', 'पास्टर' हे सगळं एकच समजतात, त्यांच्यासाठी. हे एक नाही, आणि बाईने धर्मगुरू व्हावं की नाही या भांडणाचं निम्मं मूळ तिथेच आहे. वसईतले कॅथलिक मिस्साला जातात. वेदीशी उभा फादर तिथे ख्रिस्ताच्या जागी उभा असतो. ख्रिस्त पुरुष, त्याने निवडलेले बारा प्रेषित पुरुष, तेव्हा त्या जागी बाई उभी राहूच शकत नाही, असं रोमचं म्हणणं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये तर असं लिहिलं की, स्त्रियांना ही दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला मुळातच नाही. शब्द बघा हं. 'आम्ही देणार नाही' असं नाही, 'आम्हाला देताच येत नाही'. ऑर्थोडॉक्स मंडळीही एकूण याच बाजूला.

अहमदनगरकडच्या जुन्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत जा, तिथे पाळकसाहेब असतात. त्यांचं मुख्य काम वचन सांगणं, शिकवणं, मंडळी सांभाळणं. त्यामुळे या पंथांत वाद वेदीवरून होत नाही, तो पौलाच्या पत्रांवरून होतो. एका पत्रात बाईने पुरुषाला शिकवू नये असं आहे. दुसऱ्या पत्रात ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष असा भेदच नाही असंही आहे. कुठलं कायमचं आणि कुठलं त्या गावापुरतं, यावर आजपर्यंत कागदांचे डोंगर झालेत. काँग्रेगेशनल पंथाच्या एका लहानशा मंडळीने १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात अँटोनेट ब्राउनला पाळक करून टाकलं होतं, कारण तिथे प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. साल्व्हेशन आर्मीत तर बाया पहिल्यापासून व्यासपीठावर, १९३४ मध्ये त्यांची जनरलच बाई झाली. उलट बाप्टिस्टांमधले बरेच जण आजही ठाम 'नाही' म्हणतात.

आणि अँग्लिकन? ते मधोमध. बिशप, वेदी, दीक्षेची अखंड साखळी हे सगळं कॅथलिक वळणाचं, बायबल आणि प्रवचन प्रोटेस्टंट वळणाचं. म्हणून त्यांच्या घरात दोन्ही भांडणं एकदम चालतात.

हे मधोमध असणं आपल्या एका बाईने फार जवळून पाहिलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन पंथात. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्या तरुण पुरुषांना भाषा शिकवावी अशी कल्पना निघाली. त्यावर हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं म्हणे हिंदुस्थानात तिच्या नावाला बाधक ठरेल. रमाबाईंनी जे उत्तर लिहिलं त्याचा आशय असा की, माझ्या आईने आणि मी पुरुषांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानेही नाही, आणि तुम्ही घेता? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी ती! बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेल्या बापाची. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला आहे, मिळाला तर जरूर वाचा. तिथल्या पंथांचा बाजार बघून आपण कसे गोंधळलो, हेही बाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे. असो. विषयावर येतो.

परवाना दिल्यावर ली टिम-ओई चीनमध्येच राहिली. व्हिएतनामच्या सरहद्दीजवळच्या हेपू गावी हॉलने तिला मंडळी सांभाळायला पाठवलं. तिथे मुलगी जन्मली की तिथल्या तिथे संपवायची रीत होती, म्हणून तिने मोठं प्रसूतिगृह काढलं. नाव 'फार लाडकी' असलेल्या बाईने हे करावं यात मला काही आश्चर्य वाटत नाही. (१९४७ मध्ये चिनी चर्चने वीस वर्षं प्रयोग म्हणून स्त्रियांना दीक्षा देऊ का, असं विचारलं होतं. १९४८ च्या लँबेथ परिषदेने नको म्हणून सांगितलं.) मग कम्युनिस्ट आले. हळूहळू चर्च बंद पडली. सांस्कृतिक क्रांतीत तिला शेतावर कोंबड्या सांभाळायला लावलं, कारखान्यात राबवलं. रेड गार्ड्सनी तिला तिचे विधीचे झगे तिच्याच हातांनी कात्रीने कापायला लावले. जीव द्यावा असंही तिच्या मनात येऊन गेलं. इकडे हाँगकाँगमध्ये १९७१ च्या नोव्हेंबरात जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट या दोघींना रीतसर दीक्षा मिळाली, आणि तिचीही दीक्षा मान्य झाली. पण ती सरहद्दीपलीकडे, जिथे चर्चच नव्हतं अशा देशात.

आता दुसरी बाई. लुडमिला याव्होरोव्हा, चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो शहर, पंथ कॅथलिक. कम्युनिस्ट राजवटीत तिथलं चर्च अर्धं तळघरात गेलेलं. फेलिक्स डेव्हिडेक नावाचा धर्मगुरू चौदा वर्षं तुरुंगात काढून आला होता. तिथे त्याने पाहिलं की पुरुषांच्या तुरुंगात कैदी म्हणून आलेला एखादा तरी धर्मगुरू असतो, चोरून मिस्सा होते, मरणाऱ्याला शेवटचे संस्कार मिळतात. बायकांच्या तुरुंगात कितीतरी जोगिणी होत्या, पण त्यांना यातलं काही मिळत नव्हतं, कारण त्यांच्यात धर्मगुरू असणं शक्यच नव्हतं. पुढे गुप्तपणे बिशप झालेल्या डेव्हिडेकने १९७० च्या डिसेंबरात आपल्या लोकांची गुप्त बैठक घेतली. यावरून त्यांच्यात फूट पडली. तरीही २८ डिसेंबरला त्याने लुडमिलाला दीक्षा दिली. तिने वर्षानुवर्षं मिस्सा केली ती बहुतेकदा एकटीनेच, दार लावून.

१९८९ मध्ये राजवट पडली. तळघरातलं चर्च वर आलं आणि रोमने हिशेब मागितला. गुप्तपणे दीक्षा घेतलेले लग्न झालेले पुरुष होते, त्यांच्यासाठी काही ना काही वाट काढण्यात आली. कुणाला पुन्हा सशर्त दीक्षा, कुणाला विवाहित धर्मगुरू चालतात अशा पूर्वेकडच्या विधीच्या कॅथलिक शाखेत सामावून घेतलं. बाईसाठी वाट नव्हती. १९९५ मध्ये तिची हकीकत जाहीर झाली, १९९६ मध्ये तिला विधी करायची मनाई झाली.

दोघींत फरक कुठे पडला? ली टिम-ओईच्या वेळी अँग्लिकनांनी म्हटलं, परवानगी नव्हती. परवानगी आज नसते, उद्या मिळते. लुडमिलाच्या बाबतीत रोमने म्हटलं, घडलंच नाही. हात ठेवला, शब्द उच्चारले, तरी काही घडलं नाही. लग्न झालेल्या पुरुषाने नियम मोडला, त्याला क्षमा करता येते. बाईच्या बाबतीत मोडायला नियमच नव्हता, कारण मुळात कृतीच झाली नाही! तर्क म्हणून हे बिनतोड आहे, हे मी कबूल करतो. पण त्या तुरुंगातल्या जोगिणींचं काय, याचं उत्तर त्या तर्कात कुठे बसत नाही. आणि माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही, मी त्या जोगिणींच्या बाजूचा.

१९७९ मध्ये चीनमधली चर्च पुन्हा उघडू लागली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ली टिम-ओई कॅनडात टोरांटोला आली. कॅनडाच्या अँग्लिकनांनी १९७६ पासून स्त्रियांना दीक्षा द्यायला सुरुवात केलेली होती, त्यामुळे तिला तिथे पुन्हा वेदीपाशी उभं राहता आलं, तेही कुठलंही युद्ध चालू नसताना. १९८४ मध्ये तिच्या दीक्षेला चाळीस वर्षं झाली, त्याचा सोहळा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. पाहुणी म्हणून बसलेल्या या चिनी आजींना जे करता येत होतं, ते त्या वेळी खुद्द इंग्लंडच्या चर्चमधल्या एकाही बाईला करता येत नव्हतं.

ती २६ फेब्रुवारी १९९२ ला टोरांटोत वारली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडमध्ये स्त्रियांच्या दीक्षेवर मतदान झालं. सामान्य सदस्यांच्या सभागृहात ठराव तरला तो जेमतेम दोन मतांनी. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी टेंपल आणि फिशर ज्या जागी बसले होते त्या कँटरबरीच्या गादीसाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं, आणि जगभरच्या पुराणमतवादी अँग्लिकनांच्या संघटनेने लगोलग नाराजीचं पत्रक काढलं. मुलाली पूर्वाश्रमीच्या नर्स.