बिजासनचा घाट आणि लग्नाचा मामा

मंडळी, इंदूरच्या आपल्या जुन्या घरांमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला की आग्रा-मुंबई सडकेची आठवण येतेच.

तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) १८७० साली एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, म्हणून खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली. पण ती मीटरगेज. नाशिक-मुंबईकडच्या माणसाला खंडव्याला पेट्या-वळकट्या उतरवून गाडी बदलावी लागायची. म्हणून पुढे ज्यांच्या दारात मोटार आली, त्यांनी सरळ सडक धरली. राऊ, मानपूर, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळे.

जाताना फार त्रास नसे. मानपूरला विंध्य उतरायचा, बिजासनला सातपुडा. खरी परीक्षा परतताना. खानदेशातून बिजासन चढा, मग भट्टीसारख्या निमाडातून मानपूरचा घाट. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर जोर पूर्ण, वेग मात्र बैलगाडीचा. रेडिएटरला वारा लागणार कुठून? त्यात विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं भरून नळ्यांत क्षार साचलेले, किंवा पंख्याचा पट्टा सैल. मग बॉनेटमधून वाफ निघालीच म्हणून समजा!

त्याचे नियम घरातल्या पोरांनाही पाठ असत. झाकण लगेच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा तास थांबायचं, मग ओलं गोणपाट धरून हळूच फिरवायचं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी एकदम ओतायचं नाही, ब्लॉक तडकतो. गाडीच्या पुढे कॅनव्हासची छागल टांगलेली असे. तिच्यातलं पाणी झिरपून माठासारखं गार राही. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखातले मोटारवालेही अशाच पिशव्या गाडीला बांधत. घाटात बिजासन मातेपाशी सगळेच थांबत : देवीला नारळ, गाडीला पाणी.

आमच्या आत्याचं लग्न सत्तरच्या दशकातलं, मे महिन्यातलं, गोरज मुहूर्ताचं. तिचे मामा, म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, पहाटे चारला नाशिकहून निघाले. बिजासन चढताना पाण्याचा होजपाइप फाटला. ट्रकवाल्याने मामांना सेंधव्यापर्यंत नेलं, पण मापाचा पाइप मिळून परत येईपर्यंत दुपार टळली. फोन लावणार कुठून? इकडे मांडवात सगळ्यांचे डोळे फाटकाकडे. आपल्यात मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामानंच. भटजी घटका मोजतायत, आजीच्या डोळ्यांना धार.

शेवटी समोरचे मालवी शेजारी उठले. आजी त्यांना दरवर्षी राखी बांधायची. ते म्हणाले, "जीजी, मैं भी तो मामा ही हूँ." आणि आत्याचा हात धरून त्यांनी तिला बोहल्यावर आणलं. खरे मामा रात्री नऊला पोचले, शर्ट काजळीने काळा. आधी शेजाऱ्यांच्या पाया पडले, मग जेवायला बसले.

त्या दिवसापासून आत्याला दोन मामा. तिच्या मुलीच्या लग्नात मालवी रीतीप्रमाणे मायरा आला तो त्याच समोरच्या घरातून. इंदूरला आपण कसे रुजलो, हे कुणी विचारलं की मी त्या फाटलेल्या पाइपाची गोष्ट सांगतो.

आता चौपदरी रस्ता झालाय, छागल कुठे दिसत नाही. तुमच्या माळ्यावर एखादी असेल तर फोटो टाका, आणि तुमची गाडी कुठल्या घाटात तापली होती तेही लिहा.