वळिवड्याची पोलिश शाळा

वाकोल्यातल्या आमच्या छोट्या खोलीतून आजचा भाग. खिडकी बंद केली आहे, पण डोक्यावरून जाणारं विमान मध्येच ऐकू येईल, त्याला इलाज नाही.

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. आमच्या इमारतीतली एक मुलगी दोह्याला नर्स आहे. मुलगा पाच वर्षांचा, त्याला शाळेत घालायचंय. तिच्याबरोबर ड्युटी करणारी फिलिपिनो मैत्रीण आपल्या लेकीला तिथल्या फिलिपिनो शाळेत पाठवते. खाजगी शाळा, पण अभ्यासक्रम मनिलाचा. भाषा फिलिपिनो आणि इंग्रजी, इतिहास फिलिपिन्सचा. उद्या आईचं काँट्रॅक्ट संपलं तर पोरगी मायदेशी जाऊन पुढच्या वर्गात बसेल, हा त्यामागचा हिशेब. तर आमच्या मुलीनं व्हॉइस मेसेज पाठवला, "दादा, आपल्याकडे कधी अशी शाळा होती का? बाहेरून आलेल्यांची, त्यांच्याच देशाचं शिकवणारी?"

फिलिपिनो शाळांमागे एक मोठी गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगतो. १९७४ च्या कामगार कायद्यापासून फिलिपिन्स सरकारनं माणसं परदेशी कामाला पाठवणं हे धोरणच केलं. आखाती देशांत नर्सेस, घरकामगार, इंजिनिअर गेले. त्यांची मुलं मोठी होऊ लागली. आणि सौदी, कतार, कुवेत, ओमान अशा देशांत त्यांच्या शाळा निघाल्या. त्यांना मान्यता देतं ते मनिलाचं शिक्षण खातं. म्हणजे शाळा वाळवंटात आणि दाखला मायदेशचा.

आपल्याकडे अशा शाळा आहेतच. वाकोला पूल ओलांडून बीकेसीत गेलात तर अमेरिकन स्कूल आहे, १९८१ पासूनची. पण मला सांगायचंय त्या शाळेत फी भरणारे साहेब लोक नव्हते. आणि तिच्या गोष्टीची सुरुवात आपल्या शेजारीच, वांद्र्यात होते.

साल १९४२. पोलंडमधली अनाथ मुलं इराणमार्गे लॉऱ्यांतून आणि मग आगगाडीनं मुंबईत आली. जामनगरजवळ बालाचडीला त्यांची छावणी बांधून व्हायची होती, तोवर त्यांना वांद्र्यात ठेवलं होतं. त्या कामात मुंबईतल्या पोलिश कॉन्सुलची बायको किरा बानासिन्स्का पुढे होती. (ही बाई पुढे भारतातच राहिली, हैदराबादला.) जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे, एका शाळेला त्यांचं नाव आहे. महाराष्ट्रातली गोष्ट त्याहून मोठी असून कमी सांगितली जाते. ती कोल्हापूरच्या वेशीवरची, वळिवड्याची.

पण ही माणसं इथवर आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आले. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिननं या कैद्यांना सोडलं. पुरुष जनरल अँडर्सच्या फौजेत गेले. बायका, म्हातारे, मुलं इराणात उतरली आणि तिथून आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, हिंदुस्थान अशी पांगली. फिलिपिनो नर्स पगारासाठी जाते, ही माणसं बंदुकीच्या धाकानं निघाली होती. हा फरक विसरून चालणार नाही.

१९४३ मध्ये वळिवड्याला रेल्वेलाईनलगत बराकी उभ्या राहिल्या. कौलारू छप्पर, आत बांबूच्या तट्ट्या. कोल्हापूर संस्थानात तेव्हा बाल छत्रपतींच्या नावानं कारभार चालत होता. खर्च मात्र लंडनमध्ये बसलेल्या परागंदा पोलिश सरकारचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. छावणीत सुमारे ५,००० माणसं राहिली, आणि त्यात बायका-मुलंच जास्त. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत. कोल्हापूरचे फेरीवाले पोलिश शब्द शिकले होते, असं तिथले जुने लोक सांगतात. आणि ज्या वर्षी हे उभं राहत होतं त्याच वर्षी बंगालात लाखो लोक भुकेनं मरत होते. मला या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत.

आता शाळा. बालवाडी, प्राथमिक शाळा, वर गिम्नाझियम आणि लिसेउम, म्हणजे आपलं हायस्कूल आणि त्याच्या पुढची दोन वर्षं. शिक्षक तयार करण्याचीही सोय. ज्या मुलांची दोन-तीन वर्षं सैबेरियात गेली होती, त्यांचं वय एका वर्गाचं आणि अभ्यास दुसऱ्याच वर्गाचा. शिकवणाऱ्या बऱ्याचशा बाया, त्यांनीही तेच भोगलेलं. पुस्तकांची टंचाई होती. तेव्हा मध्यपूर्वेत पोलिश फौज होती आणि जेरुसलेममध्ये पोलिश शाळांची पुस्तकं छापली जात होती. विचार करा, मराठी मुलखात बसून पोलिश व्याकरण शिकायचं आणि पुस्तक जेरुसलेमचं! शाळेच्या जोडीला स्काउट पथकंही होती. वांदा दिनोव्स्का नावाची, उमादेवी म्हणून ओळखली जाणारी गांधीवादी पोलिश बाई या मुलांना हिंदुस्थान समजावून सांगायची. ती नसती तर ही मुलं पाच वर्षं इथं राहूनही इथली झाली नसती, असं मला वाटतं, कारण शाळेचं सगळं लक्ष पोलंडकडे होतं.

आणि ते का नसावं? शाळेचा पायाच तो होता. युद्ध संपेल, आपण घरी जाऊ, तेव्हा मुलं मागे पडता कामा नयेत. दोह्यातली फिलिपिनो आई करते तोच हिशेब.

हा हिशेब १९४५ मध्ये मोडला. फेब्रुवारीत याल्टा परिषदेत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्वेकडची हद्द आत ढकलली. वळिवड्यातले बहुतेक लोक नेमके त्या पूर्वेकडच्या भागातले. नकाशात जे ल्वुफ आणि विल्नो पोलंडची शहरं म्हणून शिकवली जात, ती आता सोव्हिएत संघात होती. (आज ल्वुफ म्हणजे युक्रेनमधलं ल्विव्ह आणि विल्नो म्हणजे लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस.) देश होता, पण घर परदेशात गेलं. त्यात ५ जुलै १९४५ ला ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्या सरकारच्या पैशांवर आणि नावावर ही शाळा चालत होती, ते सरकारच कागदावर राहिलं नाही.

छावणी आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या हाती गेली. तरी शाळा बंद झाली नाही. उलट १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आली. मला या दोन-अडीच वर्षांचंच सगळ्यात कुतूहल आहे. परत जायचं नाही हे ज्यांना कळलंय, ते मोठे लोक रोज सकाळी मुलांना तोच भूगोल कसा शिकवत असतील? काहीजण याला हट्ट म्हणतील. मी म्हणणार नाही. दुसरं शिकवायचं तरी काय? मुलं कुठल्या देशात जाणार हेच ठरलेलं नव्हतं. काही मुलींना पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं, त्यांना इंग्रजी मिळालं, आणि पुढे तेच कामी आलं असणार. कारण १९४७-४८ मध्ये छावणी उठली तेव्हा पुष्कळजण ब्रिटनला गेले, जिथं अँडर्सच्या फौजेतले बाप-भाऊ होते. काही ऑस्ट्रेलियाला, काही अमेरिकेकडे. थोडे पोलंडला परतले. आणि एक मुलगी कोल्हापूरच्या मराठी घरात सून म्हणून राहिली.

बराकी रिकाम्या पडल्या, पण फार दिवस नाही. फाळणीत सिंध सुटलेली कुटुंबं त्याच खोल्यांत आली. त्यांचंही घर परदेशात गेलेलं. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक लग्नाचं कापड घ्यायला तिथं जातात. पोलिश मुलं मात्र म्हातारी होऊन अधूनमधून येत राहिली. लंडनमध्ये त्यांनी संघटना काढली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ केला. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, २०१९ मध्ये वळिवड्यातही एक उभारला. वॉर्सात कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले होते तेव्हा आपल्याकडे दोन दिवस बातम्या झाल्या.

दोह्याच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण मग मी कुठली शाळा घेऊ?" मी म्हटलं, ते तू ठरव, मी इतिहास सांगतो. तिनं शेवटी सीबीएसईच्या भारतीय शाळेचा फॉर्म भरला. मराठी तिथं नाही. ती आजी शिकवणार, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाचं आजोळ वळिवडे, उचगाव, रुकडी भागातलं असेल आणि घरात पोलिश लोकांची एखादी आठवण, वस्तू, शब्द राहिला असेल, तर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.