पानाचा पत्ता कोण ठरवतं?

मागच्या व्याख्यानात आपण १९८६ च्या एसजीएमएल मानकापाशी थांबलो होतो. मजकूर कसा दिसावा हे लिहायचं नाही, तो काय आहे ते लिहायचं: हे प्रकरण, ही पायरी, ही धोक्याची सूचना. छापील पुस्तक होतं तोवर ठीक होतं, पुस्तक ही एकच वस्तू. वेब आलं आणि एका पुस्तकाच्या दोनशे फाइली होऊ लागल्या. प्रत्येकीला नाव हवं, फोल्डर हवा. ते कोण ठरवणार?

हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली यांनी १९९१ मध्ये डॉकबुक सुरू केलं. पुढे त्यातून एचटीएमएल काढणाऱ्या स्टाइलशीट आल्या, नॉर्मन वॉल्श यांचं त्यात मोठं काम आहे. या स्टाइलशीट मूळ सेटिंगमध्ये मोजून नावं देत. तिसरं प्रकरण म्हणजे 'सीएच०३', त्यातला दुसरा विभाग 'सीएच०३एस०२'. दिसायला छान! पण पुढच्या आवृत्तीत लेखकानं सुरुवातीला एक नवं प्रकरण घातलं की? जुनं तिसरं आता चौथं. लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक उघडतात, पण भलतंच पान दाखवतात. माझ्या मते हे पान न सापडण्यापेक्षा वाईट. पान सापडलं नाही तर माणूस निदान शोधायला तरी लागतो.

उपाय त्याच स्टाइलशीटमध्ये होता: 'यूज आयडी ॲज फाइलनेम' हे सेटिंग चालू करायचं, की लेखकानं विभागाला दिलेली ओळख हेच फाइलीचं नाव. फोल्डर हवा असेल तर मजकुरातच 'डीबीएचटीएमएल' नावाची सूचना लिहायची. म्हणजे बघा, मजकुरात दिसण्याचं काही लिहायचं नाही म्हणणारे आपण, पत्ता मात्र मजकुरातच लिहून बसलो.

मग आयबीएमचं डिटा, २००१ सालचं. २००५ मध्ये ते ओएसिसचं मानक झालं. इथे विचार उलटा. पुस्तक नाहीच, सुटे सुटे विषय, प्रत्येकाची वेगळी फाइल, आणि त्यांना ओवणारा एक नकाशा, म्हणजे मॅप. डिटा ओपन टूलकिट साधारणपणे मूळ फोल्डरांची रचनाच एचटीएमएलमध्ये उतरवतं.

आणि इथेच गोम आहे. मॅप एका फोल्डरात, आणि सगळ्या उत्पादनांना समाईक असलेल्या सुरक्षेच्या सूचना शेजारच्या फोल्डरात. मॅप 'एक पायरी वर जा, मग शेजारी' असं सांगतो. टूलकिटही पूर्वी मूळ सेटिंगमध्ये तसंच करायचं: ती पानं आउटपुट फोल्डरच्या बाहेर जाऊन पडायची! लेखकाच्या संगणकावर सगळं चालतं. सर्व्हरवर फक्त आउटपुट फोल्डर चढवला जातो. ग्राहक 'विजेच्या धक्क्याचा धोका' वर क्लिक करतो, आणि पान नाही. मी एका ठिकाणी हे प्रत्यक्ष पाहिलंय. दोन दिवस सगळे सर्व्हरलाच दोष देत होते.

यासाठी टूलकिटमध्ये 'जनरेट कॉपी आउटर' नावाचं पॅरामीटर आहे. मूळ किंमत पूर्वी १ होती, म्हणजे काही हलवू नका. ३ दिलं तर सगळी रचना एक पायरी आत सरकते आणि बाहेरची पानंही आउटपुटमध्ये येतात. मात्र मुख्य पान आता एका उपफोल्डरात गेलेलं असतं, आणि आधी दिलेल्या सगळ्या लिंक पुन्हा एकदा तपासाव्या लागतात.