मोर्तब सूद

निवडणुका आल्या की वृत्तपत्रांत अमक्याच्या उमेदवारीवर ‘शिक्कामोर्तब’ होते. दिल्लीत कुणीतरी मान डोलावलेली असते, एवढेच. शिक्का म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझे कुतूहल आहे ते त्याला चिकटलेल्या मोर्तबाचे.

मुळात हे दोन निराळे ठसे. शिवकालीन पत्रात वरच्या बाजूला मोठी मुद्रा असते. हुकूम कुणाचा ते ती सांगते. मजकूर संपतो तिथे, शेवटच्या शब्दांना खेटून, दुसरा छोटा ठसा: ‘मर्यादेयं विराजते’. पेशव्यांनी तर तिथे सरळ ‘लेखनसीमा’ असेच कोरले. लिहिणे इथे संपले, याखाली कुणी ओळ वाढवली तर ती खोटी. हे मोर्तब. म्हणजे मान्यता द्यायची ती वरच्या मुद्रेने. मोर्तबाचे काम फक्त कुलूप लावण्याचे.

आता शब्दाकडे. एक व्युत्पत्ती पटकन मोहात पाडते: फारसी ‘मुह्र’ म्हणजे मोहोर आणि अरबी ‘तब्अ’ म्हणजे ठसा, दोन्ही मिळून मोर्तब. अर्थ इतका चपखल बसतो की तिथेच संशय यावा. मराठीने ‘मोहोर’मधला ह नीट सांभाळला आहे, मग इथेच तो का गळावा? दुसरे घराणे अरबी ‘मुरत्तब’चे: रचलेले, सिद्ध झालेले. रुतबा आणि मर्तबा ही त्याचीच भावंडे. ‘मु’चा ‘मो’ करण्याची मराठीची खोड जुनीच: मुफ्तचे मोफत, मुबादलाचा मोबदला, मुहिमची मोहीम. त्या रांगेत मोर्तब निमूटपणे उभे राहते.

निकाल मात्र ध्वनीवर लागत नाही, एका दोनशब्दी शेऱ्यावर लागतो. पत्रांच्या शेवटी कारकून लिहीत: ‘मोर्तब सूद’. हा सूद व्याजाचा नव्हे. तो फारसी ‘शुद’, म्हणजे ‘झाले’. त्याच कुळातले ‘सुरू सूद’ आणि ‘बार सूद’ हे दफ्तरी शेरेही कागदांवर भेटतात. ‘मुरत्तब शुद’, कागद सिद्ध झाला, हे सरळ फारसी वाक्य आहे. तिथे ‘मोहोरठसा झाले’ बसवून पाहा, कसे अडखळते ते. माझा तर्क असा की आधी हा शेरा होता आणि त्याच्या शेजारी उमटणाऱ्या ठशाला पुढे शेऱ्याचेच नाव पडले. मग शिक्का आणि मोर्तब जोडीने बोलले जाऊ लागले, आणि खालच्या कुलपालाही वरच्या मुद्रेचा अधिकार मिळाला.

पुढची उडी, कागदावरून जाहीर पाठिंब्यापर्यंतची, कधी पडली? पेशवाई १८१८ मध्ये गेली, दरबारी मुद्रांची जागा कंपनीच्या स्टँपकागदाने घेतली. वस्तू वापरातून गेली म्हणूनच शब्द मोकळा झाला, असे मी धरून चालतो. मोर्तब रोज समोर दिसत असते, तर ‘लग्नाच्या तारखेवर शिक्कामोर्तब’ म्हणताना जीभ चाचरली असती.

सगळ्याच शेऱ्यांचे असे भाग्य नव्हते. मखलाशी हाही एके काळी इभ्रतीचा शब्द. यादीतल्या कलमांवर वरिष्ठ जो मंजुरीचा शेरा मारी, ती मखलाशी. आज मखलाशी करणारा म्हणजे चुकीला गोड मुलामा देणारा. साहेबांचे शेरे वाचून वाचून कारकुनांनीच हा अर्थ रूढ केला असावा!

इंग्रजीत मान्यतेच्या याच कामाचा ‘एंडॉर्समेंट’ हा शब्द लॅटिनमधल्या पाठीवरून आला, कारण तिकडे सही कागदाच्या मागे होई. आपण त्याला ‘पृष्ठांकन’ केले. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने ही सही दर्शनी बाजूलाही चालवून घेतली, तरी नावातली पाठ काही सुटली नाही. तिकडचा शब्द धनादेशावरून उतरून जाहिरातीत शिरला. पृष्ठांकन मात्र बँकेच्या खिडकीपाशीच राहिले. अमक्या क्रिकेटपटूने साबणाचे पृष्ठांकन केले, असे अजून तरी कुणी छापलेले नाही.