चैत्रातील दलबदल : कलकत्त्याच्या फुटबॉलचा एक जुना रिवाज

कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबाचा जन्म एका खेळाडूस संघातून वगळल्याच्या वादातून झाला, एवढी एकच गोष्ट त्या शहराच्या फुटबॉलप्रेमाची जात ओळखण्यास पुरेशी आहे. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागानचा संघ मोहन बागानाविरुद्ध उतरला, तेव्हा शैलेश बसू या खेळाडूस बाहेर बसविण्यात आले. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याचे कारण विचारले, त्यांस समाधानकारक उत्तर मिळेना, आणि आपल्या पूर्ववंगीय खेळाडूची ही अवहेलना सहन न होऊन त्यांनी जोडाबागानचा त्याग केला व १ ऑगस्ट रोजी स्नेह्यांसह नवा क्लब स्थापन केला. अकरा जणांच्या फर्दीवरून ज्या नगरात एक घर फुटते आणि दुसरे उभे राहते, त्या नगरात हंगामापूर्वीच्या दिवसांत सामान्य माणसे कशाविषयी बोलत असतील याचा अदमास बांधणे अवघड नाही. त्या बोलण्याचा, आणि ते ज्या वार्षिक दलबदलाभोवती फिरत असे त्या रिवाजाचा इतिहास सांगितला जावा असे मला फार दिवस वाटत आले आहे. कारण कोणत्या वर्षी कोणता चषक कोणी जिंकला हे पुस्तकांतून सापडते, परंतु चेंडूला पाय लागण्यापूर्वीच सबंध शहर पुढील हंगाम ज्या उत्कंठेने मनातल्या मनात खेळून घेई, ती उत्कंठा कोणत्याही दप्तरात नोंदली गेलेली नाही.

या रिवाजाचे मूळ नोंदणीच्या कायद्यात होते. इंडियन फुटबॉल असोसिएशन ही संस्था १८९३ साली निघाली, १८९८ पासून कलकत्त्याची लीग सुरू झाली, आणि गोऱ्या पलटणींच्या व साहेबी क्लबांच्या त्या पंक्तीत हिंदी संघांस जागा मिळावयास १९१४ साल उजाडले; मोहन बागानाचा पहिल्या श्रेणीत प्रवेश झाला तो १९१५ साली, म्हणजे अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर पलटणीकडून असोसिएशनची शील्ड हिसकावून घेतल्यानंतर चार वर्षांनी. हा खेळ कागदोपत्री हौशी होता. खेळाडू क्लबाचा चाकर नव्हता. त्याचा चरितार्थ रेल्वेत, बंदरखात्यात, जकातीच्या कचेरीत किंवा एखाद्या बँकेत चाले, आणि क्लबाशी त्याचा संबंध एका हंगामाच्या नोंदणीपुरता असे. अनेक वर्षांचा करार नाही, विक्रीची किंमत नाही, जुन्या क्लबाच्या परवानगीचेही फारसे प्रयोजन नाही. हंगाम संपला की खेळाडू मोकळा झाला, आणि नव्या हंगामाच्या आरंभी, चैत्रात, मुक्रर केलेल्या मुदतीत त्याने सुतारकिन स्ट्रीटवरील असोसिएशनच्या कचेरीत जातीने रुजू होऊन सही केली की तो नव्या क्लबाचा झाला. एकदा केलेली सही मागे घेण्याची वाटही काही काळ खुली राही. इंग्लंडातील व्यावसायिक खेळाडू ज्या काळी क्लबाच्या मर्जीवाचून हलू शकत नव्हता, त्या काळी कलकत्त्याचा खेळाडू दरवर्षी नव्याने स्वतंत्र होत होता. या स्वातंत्र्यामुळेच प्रत्येक चैत्रात सारे काही पुन्हा अनिश्चित होई, आणि अनिश्चितता हेच तर चर्चेचे अन्न.

परप्रांतांतून माणसे आणून संघ घडविण्याची विद्या प्रथम पूर्णत्वास नेली ती महमेडन स्पोर्टिंगने. सी. ए. अझीझ या चिटणीसाने १९३० नंतरच्या काळात दूरदूरच्या प्रांतांतून गुणी खेळाडू जमविले, पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर त्यांस बूट घालून खेळावयास लावले, आणि १९३४ साली पहिल्या श्रेणीत पाऊल ठेवल्या वर्षीच लीग जिंकणारा हा पहिला हिंदी संघ ठरला. पुढील चार वर्षेही, म्हणजे १९३८ पर्यंत, ते अजिंक्यपद त्यांनी सोडले नाही. हा धडा इतरांनी गिरवला. ईस्ट बंगालच्या कारभाऱ्यांनी दक्षिणेकडून व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह अशी आघाडीची पाच जणांची फळी उभी केली. लोकांनी त्यांस पंचपांडव म्हटले, आणि १९४९ साली त्यांच्या बळावर लीग, शील्ड व मुंबईचा रोव्हर्स चषक असे तिन्ही मान क्लबाने एकाच वर्षी मिळविले. या पाचांपैकी एकाचीही मातृभाषा बंगाली नव्हती. तरी पूर्व बंगालातून उद्ध्वस्त होऊन आलेल्या निर्वासितांनी, ज्यांच्यापाशी घर, शेत आणि नदी यांपैकी काहीच उरले नव्हते, त्यांस आपले म्हटले.

फाळणीने या सगळ्या व्यवहाराला जे गांभीर्य आणले त्याची कल्पना बाहेरच्या माणसास एकाएकी येत नाही. जादवपूर, विजयगड या बाजूंच्या वसाहतींतून कुडाच्या घरांत राहणाऱ्या माणसास नव्या शहरात आपले म्हणावे असे जे थोडे होते त्यात लाल-सोनेरी रंगांचा हा क्लब होता; उलट श्यामबाजार-बागबाजारच्या जुन्या रहिवाशास हिरव्या-किरमिजी मोहन बागानात आपल्या पूर्वजांची पुण्याई दिसे. एकाच्या विजयाला बाजारात इलीश मासा महाग होई, दुसऱ्याच्या विजयाला कोळंबी. परंतु दलबदलाने या भेदाला सदैव खोटे पाडले, आणि मला तर हेच त्याचे मोठे उपकार वाटतात. मोहन बागानाची अभेद्य भिंत म्हणून ज्याचे नाव आजही घेतले जाते आणि १९६२ साली पद्मश्री मिळविणारा जो पहिला फुटबॉलपटू ठरला, तो गोष्ठ पाल फरीदपूरचा, म्हणजे खास पूर्व बंगालचा. चुनी गोस्वामीचा जन्मही किशोरगंजचा; तो १९४६ साली कुमारवयात मोहन बागानात आला आणि १९६८ साली खेळ सोडीपर्यंत तेथेच राहिला. ईस्ट बंगालचे ज्योतिष गुह यांनी त्यास मोटारगाडी देऊ केली तरी तो ढळला नाही, ही हकीकत मैदानावरचे लोक अजून अभिमानाने सांगतात. दरवर्षी मोकळे होणाऱ्या माणसाने दरवर्षी त्याच दारात परत यावे, या निष्ठेचे मोल करारांच्या युगात वाढलेल्या मनास नीट उमगणार नाही.

दलबदलाचा खरा बहर मात्र १९७० नंतरचा. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग जिंकली, आणि ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानास पाच गोलांनी धूळ चारली. त्या पराभवाचे दुःख असह्य होऊन मोहन बागानाच्या एका तरुण भक्ताने प्राण दिला. त्यानंतरचा चैत्र कसा गेला असेल? पुढील वर्षी ईस्ट बंगालचे गुरू प्रदीपकुमार बॅनर्जी हेच मोहन बागानाच्या तंबूत दाखल झाले. हे पी. के. स्वतः खेळाडू म्हणून तिन्ही बड्या क्लबांपैकी एकातही नव्हते. ईस्टर्न रेल्वेकडून खेळून त्यांनी १९५८ साली त्या संघास लीग मिळवून दिली होती. त्यांच्यामागोमाग महंमद हबीब व अकबर हे हैदराबादचे बंधूही मोहन बागानात आले, आणि १९७६ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध खेळ सुरू होऊन सतरा सेकंद होतात न होतात तोच अकबरने गोल केला. मोहन बागानाचा वनवास त्या गोलाने संपला.

या काळात क्लबांच्या कारभाऱ्यांच्या मसलती पेशवाईतील कारभाऱ्यांस शोभतील अशा चालत. खेळाडूने शब्द दिला की त्याला नोंदणीच्या दिवसापर्यंत प्रतिपक्षाच्या नजरेआड ठेवावयाचे. त्यासाठी कोणाचे बागेतील घर, कोणाचे परगावचे बिऱ्हाड, कोठे एखादे हॉटेल मुक्रर होई, आणि दारावर विश्वासू माणसांचा पहारा बसे. घरच्या मंडळींस गळ घालावयाची, नोकरीच्या बढतीचे आश्वासन द्यावयाचे, आणि शेवटच्या दिवशी मोटारींच्या ताफ्यातून खेळाडूस कचेरीच्या दारी उतरवावयाचे. ईस्ट बंगालचे जीवन चक्रवर्ती आणि पल्टू दास ही जोडी या कलेत इतकी निष्णात की त्यांची नावे खेळाडूंच्या नावांइतकीच मुलांच्या तोंडी असत. १९८५ साली कृशानू डे आणि विकास पांजी ही मोहन बागानाची युवा जोडी ईस्ट बंगालकडे आली, तेव्हा तर एका पक्षात सण आणि दुसऱ्यात सुतक असा देखावा होता. कचेरीबाहेरच्या अरुंद रस्त्यावर समर्थकांची दाटी होई, पोलिसांचा बंदोबस्त लागे, आणि आतून नाव बाहेर फुटले की ते ट्रामगाड्यांच्या वेगाने शहरभर पसरे.

आणि मग चर्चा. उत्तर कलकत्त्याच्या जुन्या घरांपुढील ओट्यांवर, ज्यांस तेथे रक म्हणतात, आणि मैदानावरील क्लबांच्या तंबूंपुढील हिरवळीवर संध्याकाळी माणसे जमत. मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यातील. तेथे पक्क्या इमारतींस मनाई, म्हणून शंभर वर्षांच्या या संस्थांस घर म्हणून तंबूच, आणि त्या तंबूच्या कुंपणाबाहेर उभा राहून पुढील हंगामाचा हिशेब मांडणारा कारकून, मास्तर, दुकानदार स्वतःस क्लबाचा धनीच समजे. गेलेल्या हाफबॅकची जागा कोण भरील, डाव्या बगलेचा नवा मुलगा पावसात टिकेल काय, गोलरक्षक वयाने थकला आहे की मनाने, या प्रश्नांचा ऊहापोह न्यायसभेच्या गांभीर्याने होई. ही माणसे मोठी जाणती असत. कोणत्या खेळाडूचा गुडघा कोणत्या सामन्यात दुखावला, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे त्यांस मुखोद्गत असे. तरीही त्यांचे भाकीत पुष्कळदा फसे, आणि ते फसण्यातच खेळाचा जिवंतपणा होता. १९७७ साली ईस्ट बंगालचे एकाहून एक मातब्बर वीर मोहन बागानात निघून गेले, त्यांत १९७५ च्या त्या विजयात दोन गोल करणारा श्याम थापाही होता; तेव्हा लीगचा निकाल चैत्रातच लागला असे सर्वांनी धरून चालले. परंतु उरल्यासुरल्या खेळाडूंनी मोहन बागानास हरविले आणि लीग ईस्ट बंगालकडेच गेली. मोहन बागानाच्या नव्या संघाने त्याच वर्षी शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तीन चषक जिंकून आपल्या समर्थकांचेही म्हणणे अंशतः खरे केले. १९८० साली पुन्हा ईस्ट बंगालचे घर रिकामे झाले, सुरजित सेनगुप्तासारखे आवडते खेळाडू महमेडनमध्ये गेले, आणि मनोरंजन भट्टाचार्य मागे राहिला. त्या रिकाम्या घरात पी. के. परत आले आणि अलिगढ विद्यापीठात शिकणारे मजीद बिश्कर व जमशीद नासिरी हे इराणी तरुण आले. मजीदसारखा कलावंत त्यानंतर कलकत्त्याने पाहिला नाही असे म्हणणारे वृद्ध आजही भेटतात, आणि माझा कौल त्यांच्याच बाजूने आहे.

नोंदणीची मुदत सरली की पोइला बैशाख, म्हणजे बंगाली वर्षाचा पहिला दिवस, येई. बंगालचा व्यापारी त्या दिवशी नवी खातेवही पुजतो, आणि मैदानावरचे क्लब त्याच दिवशी गोलाच्या खांबांस फुले वाहून, धूप लावून बारपूजा करतात. नव्या-जुन्या खेळाडूंस एकत्र उभे पाहण्याची ही पहिली संधी. समर्थक सकाळीच कुंपणाशी येऊन उभे राहत.

आपल्या मुंबईस या सगळ्याचे फळ तेवढे दिसे. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकासाठी हे संघ कूपरेजवर येत, आणि चैत्रातील चर्चेत ज्यांच्याविषयी वाद झाले ते खेळाडू येथील प्रेक्षक हंगामाच्या अखेरीस पाही. हंगामापूर्वीच्या त्या चर्चेची खरी बहीण महाराष्ट्रात शोधावयाची तर ती कोल्हापुरात. तेथे पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ पेठांचे नाव घेऊन शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि नोंदणीच्या दिवसांत अमुक पेठेचा मुलगा तमुक तालमीत गेला म्हणून कट्ट्यांवर रात्री जागतात. कुस्तीच्या आखाड्यांनी पोसलेल्या या फुटबॉलवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ व्हावा इतका तो विषय मोठा आहे.

कलकत्त्याचा जुना रिवाज हळूहळू सरला. १९९१ साली चिमा ओकोरी मोहन बागानात आला, तेव्हा परदेशी खेळाडू न घेण्याची त्या क्लबाची जुनी परंपरा मोडली, आणि त्या वर्षी ओट्यांवर वाद झाला तो चिमाच्या गोलांपेक्षा या मोडलेल्या व्रताविषयी. १९९६ साली राष्ट्रीय लीग निघाली, करार अनेक वर्षांचे झाले, मध्यस्थ आले, आणि खेळाडूने कचेरीत जातीने जाऊन सही करण्याचा तो गजबजलेला दिवस इतिहासजमा झाला. २०२० साली मोहन बागानाचा फुटबॉल विभाग एका व्यावसायिक संघात विलीन होऊन नावापुढे परकी अक्षरे आली. समर्थकांनी ते मुकाट्याने सोसले नाही, आणि २०२३ साली ते नाव पुन्हा बदलावे लागले. संघाची निवड त्यांच्या हातची कधीच नव्हती, परंतु संघ कोणाचा या प्रश्नावरील आपला हक्क त्यांनी सोडलेला नाही. मधल्या वर्षांत मुख्य हंगाम शरदात सुरू होऊन वसंतात संपू लागला, म्हणून बारपूजेचा दिवस आरंभाऐवजी अखेरीस येऊ लागला. २०२५ साली १२ एप्रिलला मोहन बागानाने बेंगळुरूस हरवून इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला, आणि तीनच दिवसांनी पोइला बैशाख आला; गोलखांबांची पूजा नेहमीप्रमाणे झाली, आणि समर्थकांस बोलावयास विषय मिळाला तो पुढील वर्षी बचावात कोण राहणार आणि कोण जाणार हा.